पोटात जुळी आणि शुगर वाढलेली: रिपोर्ट हातात आल्यापासून काय करायचं

सोनोग्राफीत दोन ठोके दिसले की घरात आनंद आणि धाकधूक एकदमच येतात. पुढे शुगरचा रिपोर्ट वर आला की घरातली वडीलधारी, शेजारीपाजारी सगळे एकच सांगू लागतात: भात बंद कर, गोड बंद कर, रात्री नुसतं सूप पी. एका बाळाच्या गरोदरपणातही हा सल्ला धड नाही, जुळ्यांत तर तो धोक्याचा आहे. जुळ्यांमध्ये बहुतेक वेळा खरी भीती बाळं फार मोठी होण्याची नसते. ती लहान राहण्याची आणि लवकर जन्मण्याची असते. म्हणून पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावून घ्या: शुगरची वही आणि बाळांच्या वजनाचे सोनोग्राफी रिपोर्ट एकाच फाईलमध्ये, शेजारी-शेजारी ठेवायचे आणि एकत्रच वाचायचे. वहीतले आकडे सुंदर आहेत आणि बाळांची वाढ मंदावली आहे, तर उपचार जमलेला नाही.

इथे दिलेली माहिती पहिलटकरणींसाठी, विशेषतः ठाणे-नवी मुंबईकडच्या, आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. इन्सुलिनचा किंवा गोळ्यांचा डोस मात्र काहीही वाचून बदलायचा नाही, तो तुमचे डॉक्टरच ठरवतील.

जुळ्यांत शुगर जास्त का वाढते

वार (प्लॅसेंटा) फक्त बाळाला अन्न पोचवत नाही, ती संप्रेरकंही तयार करते. त्यांतली काही, विशेषतः प्लॅसेंटल लॅक्टोजेन, आईच्या शरीरात इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणजे बाळाकडे साखर जास्त वेळ जात राहते. ही निसर्गाचीच सोय आहे. एरवी आईचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून तोल सांभाळतं. जुळ्यांत वारेचा एकूण पसारा मोठा, संप्रेरकं जास्त, आणि स्वादुपिंडावरचा भारही जास्त. ज्यांना हा भार पेलत नाही त्यांची शुगर वाढते. घरात आई-वडिलांना मधुमेह, वय पस्तिशीच्या आसपास, आधीपासून वजन जास्त किंवा पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांचा बिघाड) असेल तर शक्यता आणखी वाढते. आयव्हीएफनंतर जुळी राहिलेल्या बऱ्याच जणींच्या बाबतीत यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतात. तुम्ही पेढे खाल्लेत म्हणून हे झालं, असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

तपासणी: कधी, कशी, आणि कुठे चुकते

पहिली तपासणी नाव नोंदवतानाच करायची, ती नॉर्मल आली तरी दुसरी २४ ते २८ आठवड्यांत. दोन्हींत निदान ४ आठवड्यांचं अंतर हवं.

सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एकच टप्प्याची चाचणी होते. पोट रिकामं असो वा भरलेलं, ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून ५ ते १० मिनिटांत प्यायचं आणि बरोबर २ तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० (शुगरचे सगळे आकडे मिग्रॅ/डेसिलिटरमध्ये) किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. खासगी लॅबमध्ये बहुधा रात्रभराच्या उपाशी पोटी तीन वेळा रक्त घेतात. तिथल्या मर्यादा उपाशी ९२, एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३. तिन्हींपैकी एक जरी गाठली तरी निदान होतं. जुळ्यांसाठी वेगळे आकडे ठरलेले नाहीत, हेच वापरतात.

चुका कुठे होतात ते सांगतो. ग्लुकोज पिऊन बाहेर जाऊन चहा घेतला, कंटाळून फेऱ्या मारल्या, दोन तासांऐवजी दीड तासात रक्त देऊन ट्रेन पकडली, तर रिपोर्टला अर्थ उरत नाही. जुळ्यांत मळमळ जास्त असते, त्यामुळे उलटी होणंही नेहमीचं. प्यायल्यापासून ३० मिनिटांच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची, ३० मिनिटांनंतर झाली तर तशीच पुढे न्यायची. ग्लुकोज थंड पाण्यात कालवून, लिंबाचे चार थेंब टाकून, घोटाघोटाने पण दहा मिनिटांच्या आत घेतलं तर पोटात राहतं. घरची साखर पाण्यात घालून हे होत नाही, कारण साखरेत निम्मं फ्रुक्टोज असतं.

पहिल्याच तपासणीत उपाशी शुगर १२६ किंवा जास्त, अथवा दोन तासांची २०० किंवा जास्त आली, तर मधुमेह बहुधा गरोदरपणाआधीपासूनच असावा असं समजून डॉक्टर पुढे जातात. मग बाळांच्या हृदयाची खास सोनोग्राफी आणि तुमच्या डोळ्यांची तपासणीही लागते. आणि एचबीए१सी या, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या चाचणीवर गरोदरपणात फार विसंबू नका. रक्तपेशींचं आयुष्य कमी झालेलं असतं, त्यात रक्त कमी असेल तर आकडा फसवतो.

ठाणे-नवी मुंबईत नाव कुठे घालायचं

जुळी आणि शुगर एकत्र म्हणजे जोखमीचं गरोदरपण. अशा वेळी घराजवळचं छोटं प्रसूतिगृह कितीही आपुलकीचं असलं तरी एक प्रश्न आधी विचारा: एकाच वेळी दोन बाळांना एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जागा मिळेल का? एक बाळ इथे आणि दुसरं रुग्णवाहिकेतून दुसरीकडे, ही वेळ टाळता येते, पण त्यासाठी तिसाव्या आठवड्याआधीच ठरवावं लागतं. सोबत हेही विचारा: व्हेंटिलेटर किती, रक्तपेढी आवारातच आहे का, बाळंतपणाच्या वेळी नवजात शिशूंचे दोन डॉक्टर हजर राहतील का, रात्री भूलतज्ज्ञ असतात की बोलवावे लागतात. मोघम उत्तरावर समाधान मानू नका.

खर्चाचा प्रश्न असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची महापालिका रुग्णालयं यांपैकी जे जवळ असेल तिथे हाच प्रश्न जाऊन विचारा, आणि तिथून पुढे पाठवायची वेळ आली तर कुठे पाठवतात तेही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. आजारी बाळाचे उपचारही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे गेलात की माता-बाल संरक्षण कार्डावर जुळी आणि मधुमेह, दोन्ही नोंदी ठळक करून घ्या. रात्री अपरात्री अनोळखी डॉक्टरसमोर तेच कार्ड बोलतं.

प्रवासाचा हिशेबही आत्ताच करा. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सातला कळा सुरू झाल्या तर रुग्णालय गाठायला किती वेळ लागेल, हे एकदा त्याच वेळी गाडीने जाऊन बघा. ऐरोली-दिघ्याकडून ठाण्याला येणाऱ्यांनी, खारघर-तळोज्याकडच्यांनीही तसंच. १०८ आणि १०२ हे क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

दोघांची वार एक की वेगळी, हे माहीत हवंच

११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत हे सगळ्यात नीट कळतं. रिपोर्टमध्ये मोनोकोरिऑनिक म्हणजे वार एक, डायकोरिऑनिक म्हणजे वेगळी. वार वेगळी असेल तर साधारण दर ४ आठवड्यांनी, एक असेल तर १६व्या आठवड्यापासून दर २ आठवड्यांनी सोनोग्राफी होते.

शुगरच्या पेशंटने हे समजून घेण्याचं खास कारण आहे. शुगर वाढली की बाळाभोवतीचं पाणी वाढू शकतं, आणि पाणी जास्त म्हटल्यावर सगळे ते शुगरच्या खात्यात टाकतात. पण एकाच वारेच्या जुळ्यांत एका पिशवीत पाणी खूप आणि दुसरीत अगदी कमी असेल, तर ते एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वळत असल्याचं लक्षण असतं. त्याला इन्सुलिन उपाय नाही. साधारण १६ ते २६ आठवड्यांत ते सापडलं तर पोटातल्या बाळांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे (फीटल मेडिसिन) लेझरचा उपचार होऊ शकतो, आणि त्यात दिवस वाया घालवून चालत नाही. एकच वार असताना पोट आठवडाभरात एकदम ताणलं, श्वास अडखळू लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

घरी शुगर मोजणं

साधारणपणे दिवसातून चार वेळा मोजायला सांगतात: सकाळी उपाशी आणि तिन्ही जेवणांनंतर. लक्ष्य उपाशी ९५च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४०च्या खाली किंवा दोन तासांनी १२०च्या खाली. एक तास की दोन तास, ते डॉक्टरांकडून एकदा ठरवून घ्या आणि रोज तेच पाळा. वेळ पहिल्या घासापासून मोजायची. जेवण उरकल्यापासून मोजणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा कापून किंवा लेकराला बिस्किट भरवून तसंच बोट टोचलं तर त्वचेवरची साखर आकड्यात मिसळते आणि १०५चे १६० होतात. स्पिरिट लावलं असेल तर ते वाळू द्या. बोटाच्या मध्यावर टोचू नका, कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा घ्या, बोट फार पिळू नका. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करा. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत उघडी राहिलेली डबी आठवडाभरात बिघडते. हिमोग्लोबिन बरंच कमी असेल तर ग्लुकोमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, म्हणून महिन्यातून एकदा लॅबमध्ये रक्त देताना त्याच मिनिटाला घरचं मशीनही लावून बघा.

वहीत फक्त आकडा लिहून भागत नाही. काय खाल्लं, किती, झोप किती झाली, ताप-सर्दी, नवीन औषध, सगळं दोन शब्दांत लिहा. कळा थांबवण्यासाठी देतात त्यातली काही औषधं शुगर वाढवतात. वहीत नोंद नसेल तर ती वाढ जेवणावर ढकलली जाते आणि विनाकारण ताट आणखी रिकामं होतं.

जेवण: कमी नाही, वाटून

सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

दिवसाकाठी तीन जेवणं आणि मध्ये तीन छोटी खाणी, दोन खाण्यांत अडीच-तीन तासांपेक्षा जास्त खंड नको. एका बाळाच्या गरोदरपणातही रोज निदान १७५ ग्रॅम कर्बोदकं लागतात, जुळ्यांत त्याहून कमी कधीच नको. मध्यम पोळीत १५ ते २० ग्रॅम, लहान वाटी शिजलेल्या भातात २५ ग्रॅमच्या आसपास, असा हिशेब धरला की कळतं की दिवसाला दोन पोळ्या आणि सूप ही उपासमार आहे. कर्बोदकं फार तोडली आणि रात्रीचा उपास लांबला की शरीर चरबी जाळू लागतं आणि त्यातून तयार होणारे कीटोन लघवीत येतात. जुळ्यांत ही वेळ लवकर येते, दोघं जण रात्रभर साखर ओढत असतात. लघवी तपासताना कीटोनही बघायला सांगा. ते सापडले आणि शुगरही काबूत असेल, तर अन्न वाढवायचं असतं.

सकाळी शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं. म्हणून पोहे, उपमा, इडली, चहा-खारी हे रोजचे नाश्ते नेमके सकाळीच आकडा उडवतात. तेच पोहे दुपारी चारला शेंगदाणे, मटार आणि सोबत वाटीभर दही घेऊन खाल्ले तर अनेकींना चालतात. नाश्त्याला मुगाची धिरडी आणि पनीर, दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि एक छोटी भाकरी, किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ आणि अर्धी पोळी असं करून बघा. सकाळची ७:४०ची लोकल पकडायची म्हणून उपाशी निघू नका. पर्समध्ये डबा ठेवा, त्यात उकडलेलं अंडं, चणे, मूठभर शेंगदाणे.

दुपारी-रात्री ताटाची विभागणी डोळ्यांनी करा: अर्धं ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, मासे किंवा अंडी, उरलेलं पाव भाकरी-पोळी-भात. आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी सोडायला सांगणं व्यर्थ आहे आणि गरजही नाही. दोनऐवजी एक भाकरी घ्या, सोबत बांगडा किंवा मांदेली वाढवा, आधी मासे आणि भाजी खा, भाकरी शेवटी. या क्रमानेही आकड्यात फरक पडतो. १०० ग्रॅम बांगड्यात १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८. शाकाहारी असाल तर दर जेवणात डाळीशिवाय आणखी एक प्रथिनाची वस्तू हवी: पनीर, दही, सोयाबीन, उसळ. मुशीसारखे मोठे शिकारी मासे मात्र गरोदरपणात नकोत, त्यांच्यात पारा साठतो.

आता समजुतींकडे. गूळ आणि मध ही साखरच आहे. नाचणी चांगली, पण नाचणीची भाकरी आणि नाचणीचं सत्त्व यांत फरक आहे. पातळ खीर-आंबील आकडा भरभर वर नेते. शुगर-फ्री लिहिलेल्या बिस्किटातही बहुधा मैदा असतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. संकष्टी, हरतालिका, नवरात्राचे उपास या वर्षी करायचे नाहीत, घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांसमोर बसवून ते ऐकवा. हापूस दोन छोट्या फोडी, जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळी बदामांसोबत, आमरस नको. डोहाळजेवणाचं ताट सात पक्वान्नांनी भरलेलं असणारच. त्यातला एक पदार्थ निवडा, बाकीच्यांना हात लावून ओटी भरून घ्या.

झोपायच्या आधी कपभर दूध आणि भाजलेले चणे किंवा चार अक्रोड. रात्रीचं हे खाणं बंद केल्याने सकाळची शुगर कमी येईल असं वाटतं, प्रत्यक्षात अनेकदा उलटंच होतं.

लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहासोबत तर नाहीच.

वजन वाढणं थांबलं की सावध व्हा. आधीचं वजन उंचीच्या मानाने योग्य असेल तर जुळ्यांत दिवस भरेपर्यंत साधारण १७ ते २५ किलो, जास्त असेल तर १४ ते २३ किलो, लठ्ठपणा असेल तर ११ ते १९ किलो वाढ अपेक्षित धरतात. शुगरचं निदान झाल्यावर पुढच्या दोन-तीन तपासण्यांत वजन जागेवरच राहिलं, तर ते कौतुकाचं लक्षण नाही. ते डॉक्टरांना आपणहून सांगा आणि आहारतज्ज्ञांकडून ताट पुन्हा बसवून घ्या.

चालणं

जेवणानंतर १० ते १५ मिनिटं सावकाश चालल्याने आकडा खाली येतो. तलावपाळीला फेरी, सेक्टरमधली बाग, पावसात इमारतीचा पॅसेज, काहीही चालेल. पण गर्भाशयाचं तोंड आखूड झालेलं, रक्तस्राव, कळांची धास्ती, वार खाली असणं यांपैकी काही असेल तर चालायचं नाही, आधी विचारायचं. विश्रांती सांगितली असेल तर खुर्चीत बसून पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या दोन हातांत घेऊन दहा मिनिटं हाताचे व्यायाम करता येतात, तेही विचारूनच.

गोळ्या आणि इन्सुलिन

दोन आठवडे आहार नीट सांभाळूनही आकडे लक्ष्याच्या वर राहिले तर औषध लागतं. मेटफॉर्मिन वारेतून बाळांपर्यंत जातं, इन्सुलिन जात नाही. बाळांची वाढ आधीच कमी असेल तर यातलं काय घ्यायचं हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. इन्सुलिन म्हणजे शेवटचा उपाय किंवा जन्माची सवय, हा समज सोडा. वारेचा जोर वाढत जातो तसा डोसही वाढतो, त्यात अपयश काहीच नाही.

सिरिंज मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुधा १ मिलीत ४० युनिट असतं, त्याला लाल टोपीची सिरिंज. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपीची. १०० युनिटचं इन्सुलिन चुकून ४०च्या सिरिंजने घेतलं तर अडीचपट डोस जातो. उलट झालं तर निम्म्याहूनही कमी. औषधाच्या दुकानातून दर वेळी बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा जुळवूनच बाहेर पडा. गढूळ दिसणारं मिश्र इन्सुलिन तळव्यांमध्ये दहा वेळा घोळवा, हलवू नका. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्या. इंजेक्शन पोटाच्या बाजूंना किंवा मांडीत, रोज दोन बोटं जागा बदलून. पोटात टोचल्याने बाळांना इजा होत नाही, सुई चरबीपुरतीच असते.

शुगर ७०च्या खाली, किंवा घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांसमोर अंधारी आली तर लगेच तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमी असेल तर पुन्हा तेच. वर आली की काहीतरी खा. ग्लुकोजची पुडी उशाशी, पर्समध्ये आणि नवऱ्याच्या खिशात, तीन ठिकाणी हवी. दिवस भरत आलेले असताना डोस तोच ठेवूनही शुगर वारंवार खाली जाऊ लागली, तर सुधारलं म्हणून खूश होऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, बाळांची आणि वारेची तपासणी लागू शकते.

ताबडतोब निघायचं कधी

जुळ्यांत रक्तदाब वाढण्याचा धोका मुळातच जास्त, शुगरने तो आणखी वाढतो. १४०/९० किंवा वर, न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा सुजणं, यांतलं काहीही असेल तर लगेच. बाळांची हालचाल कमी जाणवली, पाणी गेलं, रक्त गेलं, तासाभरात चार-पाच वेळा पोट कडक झालं, तरीही लगेच. तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज येत असेल तर त्याच दिवशी यकृताची तपासणी करून घ्या. लघवीला जळजळ ही छोटी गोष्ट वाटते, पण शुगरमध्ये जंतुसंसर्ग लवकर होतो आणि त्याने कळा सुरू होऊ शकतात.

३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होईल असं दिसलं तर बाळांच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यानंतर साधारण १२ तासांत शुगर चढते आणि काही दिवस, कधी ५ दिवसही, वर राहते. म्हणून ती घेताना भरती राहणं आणि इन्सुलिन वाढवणं लागतं. शुगर वाढेल या भीतीने ती नाकारू नका, लवकर जन्मलेल्या बाळांना त्यांचा फार उपयोग होतो.

बाळंतपण

वार वेगळी आणि सगळं सुरळीत असेल तर साधारण ३७-३८ आठवडे, वार एक असेल तर ३६च्या आसपास अशी तारीख ठरते. औषधाशिवाय काबूत असलेल्या शुगरमुळे ही तारीख सहसा अलीकडे आणावी लागत नाही. शुगर आहे म्हणून सिझेरियनच, असंही नाही. पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल तर नैसर्गिक बाळंतपणाबद्दल बोलता येतं. ठरवून सिझेरियन असेल तर आदल्या रात्रीचा आणि त्या सकाळचा इन्सुलिनचा डोस किती, हे कागदावर लिहून घ्या.

जन्मल्यावर बाळांचं काय

आईची साखर वारेतून जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवायला शिकतं. नाळ कापली की साखर थांबते, पण बाळाचं इन्सुलिन काही तास चालूच राहतं आणि शुगर झपकन खाली येते. जुळ्यांत दुसरंही कारण असतं: लहान किंवा लवकर जन्मलेल्या बाळाजवळ साखरेचा साठाच कमी. म्हणजे एकाची शुगर एका कारणाने उतरू शकते आणि दुसऱ्याची दुसऱ्या कारणाने. यासाठी दोघांची वेगळी मोजणी हवी. पायपट्टीवर एक-दोन क्रमांक असतात, घरच्यांनीही दोघांची वही वेगळी ठेवावी: दूध किती वाजता, शुगर किती, शी-शू.

जमेल तर पहिल्या तासातच दोघांना छातीशी घ्या आणि दूध द्या, पुढे दर २-३ तासांनी, झोपलेलं असेल तरी उठवून. टाचेतून शुगर पहिल्या एक-दोन तासांत आणि मग दुधाच्या आधी, निदान पहिला दिवसभर तपासतात. ४५च्या खाली गेली तर उपचार करतात. थरथर, दूध न ओढणं, सुस्ती, अंग थंड किंवा निळसर पडणं दिसलं की नर्सला लगेच हाक मारा. घुटी, मध, साखरेचं पाणी काहीही चाटवू नका. श्वासाचा त्रास आणि कावीळ याही या बाळांत जास्त दिसतात. एक किंवा दोघं काही दिवस काचेच्या पेटीत राहिली तर घाबरून जाऊ नका, पण दूध काढून पोचवणं पहिल्या सहा तासांतच सुरू करा. उशीर झाला तर दूध उतरायला वेळ लागतो.

बाळंतपणानंतर तुमचं

वार बाहेर पडली की इन्सुलिनची गरज काही तासांतच कोसळते. जुना डोस तसाच चालू ठेवला तर शुगर धोकादायक खाली जाईल, म्हणून नव्या सूचना मिळाल्याशिवाय काहीच टोचायचं नाही. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर घरी येणारच. दोघांना पाजताना भूक खूप लागते. लाडवात गूळ निम्मा करून खोबरं, खारीक जरा आणि सुकामेवा वाढवायला सांगा. स्तनपानाने तुमची शुगरही आटोक्यात राहायला मदत होते.

गरोदरपणात शुगर वाढलेल्या स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा सात ते दहापट असते, तरी बाळंतपणानंतरची चाचणी सर्वांत जास्त चुकवली जाते, कारण दोन बाळं घेऊन लॅबमध्ये दोन तास बसणार कोण. यावर सोपी तोड आहे. सहाव्या आठवड्याला बाळांची लस असतेच. त्याच दिवशी सकाळी उपाशी घरातून निघा, सोबत दोन माणसं न्या, प्रत्येकाकडे एक बाळ. आधी उपाशी रक्त द्या, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्या, मग बसल्या जागी बाळांना पाजा; लसीची रांग आणि तुमचे दोन तास एकत्रच संपतात. उपाशी १२६ किंवा दोन तासांनी २०० गाठली तर मधुमेह, दोन तासांची १४० ते १९९ असेल तर काठावर. नॉर्मल आली तरी दर वर्षी एकदा मोजायची. तारीख लक्षात राहावी म्हणून ती बाळांच्या वाढदिवसाच्या आठवड्यात घाला, केकच्या आदल्या दिवशी.